जाताना आखूड, येताना लांब

२० जानेवारी

ताप नाही. जखम कोरडी. दुखणं दहात तीन.

घरी सोडताना नर्सबाईंनी ही वही हातात दिली आणि बजावलं की रोज तीन गोष्टी लिहायच्या: ताप, जखमेतून काही येतंय का, आणि दुखणं किती. तेवढ्याने पानाच्या दोन ओळी भरतात. चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, जागा रिकामी सोडायची मला सवय नाही. म्हणून बाकीचं माझ्या मनाने लिहितोय.

हा धंदा गुडघ्यांवर बसून करायचा. उजवा गुडघा झिजून गेला तेव्हा त्यात धातूचा सांधा बसवला. आठ महिन्यांत आत पू झाला. सांधा काढला, पोकळी धुतली आणि तिथे औषध घातलेलं सिमेंट भरून ठेवलं. मी डॉक्टरांना विचारलं, "ह्यावर पाणी किती दिवस मारायचं?" ते हसले नाहीत. पू पुन्हा आला. मग डॉक्टर म्हणाले, आता गुडघा ठेवायचाच नाही. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड कापून सपाट केलं, एकावर एक टेकवलं, आणि मांडीपासून घोट्याजवळपर्यंत आतून एक सळई घातली. त्याला सात आठवडे झाले. पाय आता जन्मात वाकणार नाही, आणि तो दीड इंच आखूड झालाय.

निघताना डॉक्टर आणखी एक बोलले. "मिस्त्री, हा शेवटचा डाव. हाड जुळलं नाही, किंवा पू परत आला, तर पाय मांडीतून काढावा लागेल." ही तेव्हा खाली औषधं घ्यायला गेली होती. तिला मी सांगितलेलं नाही. आधीच तिची झोप उडालीय.

२३ जानेवारी

ताप नाही. जखम कोरडी. दुखणं तीन.

पाय फळीसारखा पुढे येतो. खुर्चीत बसलो की अर्धी खोली अडते आणि येणारा-जाणारा ठेचकाळतो. पुढच्या खोलीतला पलंग मला एकट्यालाच पुरत नाही, म्हणून हिने आपलं बिऱ्हाड मागच्या खोलीत हलवलं. बाहेरच्या भिंतीला लागून तिथे एक लहान पलंग आहे.

चालण्याचा सरावही मागच्याच खोलीत. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, वळायचं, अकरा पावलं परत. ही फरशी मी स्वतःच्या हाताने बसवलीय. खाली सहा इंच काँक्रीटचा थर टाकला तेव्हा लोक म्हणाले होते, मिस्त्री, घर बांधतोयस की किल्ला? सव्वीस वर्षं झाली, तडा सोडा, केसाएवढी रेघ नाही. आता तिच्यावर चालायला शिकतोय, लहान पोरासारखा.

४ फेब्रुवारी

ताप नाही. जखम कोरडी. दुखणं दोन.

बूट मिळाला. बूटवाल्याने उजव्या बुटाचा तळ सव्वा इंच वाढवून दिला. पाय दीड इंच आखूड, मग पाव इंच कमी का? तर न वाकणारं पाऊल उचलताना जमिनीला अडायला नको म्हणून. म्हणजे दोन सूत जाणूनबुजून कमी. मला हिशेब पटला. माणूस कसबी आहे. आज पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभा राहिलो. ही दारात उभी राहून बघत होती, मग डोळ्याला पदर लावून आत गेली.

११ फेब्रुवारी

सगळं ठीक. दुखणं दोन.

शेजारच्या मोकळ्या जागेत खड्डा खणायला घेतलाय. इमारत होणार आहे म्हणे, गाड्या ठेवायला जमिनीखाली दोन मजले. खड्ड्यात पाणी लागतं, म्हणून दिवसभर पंप चालू. ही कावलीय, मला मात्र त्या आवाजाची सोबत वाटते. कामाच्या जागी असल्यासारखं वाटतं.

एक गंमत सांगायची तर तो आवाज मला पायातून ऐकू येतो. डाव्या पायाला काही नाही. उजवी टाच टेकली की हूं हूं अशी थरथर सळईतून चढत कमरेपर्यंत येते. गुडघा होता तेव्हा तो असल्या गोष्टी मध्येच गिळत असावा.

२ मार्च

ही वही दर महिन्याला डॉक्टर बघतात. म्हणून आजपासून ताप आणि जखम पुढच्या पानांवर, आणि हे मागच्या पानांवरून उलट लिहितोय.

गेले चार दिवस पायाचं काहीतरी बिनसलंय. खिडकीकडे जाताना उजवा पाय आखूड वाटतो. बुटाखालून कुणी पातळ पुठ्ठा काढून घेतल्यासारखं पाऊल जरा खोल जातं. वळून दाराकडे येताना तोच पाय लांब वाटतो आणि टाच ठरल्या आधीच टेकते. जाताना आखूड, येताना लांब. आज चौदा फेऱ्या मारल्या, चौदाही वेळा तेच.

हाड वाढत नसतं, आणि ह्या वयात तर नाहीच. अकरा पावलांत वाढून पुन्हा कमी होणं तर शक्यच नाही. मग आत काय हलतंय?

३ मार्च

तेच.

९ मार्च

बूटवाल्याकडे गेलो. म्हटलं, तळ एक सूत वाढवा. त्याने त्याच्या दुकानात मला चालायला लावलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाय अगदी बरोबर! दोन्हीकडे सारखा. तो म्हणाला, "मिस्त्री, ह्याला काय वाढवू? असा नेमका बूट मी माझ्या जावयाला पण केला नाही."

घरी आलो, मागच्या खोलीत गेलो. जाताना आखूड, येताना लांब.

म्हणजे हा पाय लोकांसमोर सरळ वागतो आणि मी एकटा असलो की खेळ करतो. असं लिहिताना मलाच कसंतरी झालं. पण खोडत नाही.

१५ मार्च

सकाळी साडेदहाच्या सुमाराला फेऱ्या मारत होतो. मधोमध आलो असताना पायात टक् झालं. दुखलं नाही. कुणी बोटाच्या पेराने दार वाजवावं तसं, खालून, एकदाच. मी थांबलो. घामाने बनियन भिजला. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

सळई सुटत असेल का? की आत पुन्हा पू धरतोय आणि हाड एकमेकांपासून वेगळं होतंय? ताप मोजला, नाही. जखम दाबून बघितली, कोरडी.

मी खाटेवर येऊन पडलो तर ही मागच्या खोलीत फरशी पुसत होती आणि कुरकुरत होती. "पाणी सगळं त्या भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसतंय." मी इथूनच ओरडलो, "फडकं नीट पिळत जा, फरशीला कशाला नावं ठेवतेस?" ती कोपरा पुसत राहिली. उगाच ओरडलो. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

१८ मार्च

मागच्या खोलीचं दार लागेना. सुताराला बोलावलं. त्याने वरची कड रंधली आणि म्हणाला, चौकट ओढली गेलीय. हल्ली ज्याला त्याला कारण दुसऱ्याच्या कामात सापडतं.

२२ मार्च

आज लंबू आला होता. आम्ही तीस वर्षं एकत्र काम केलं. तो माल कालवायचा, मी फरशी बसवायचो. अजून दारातून येताना मान खाली घालतो.

चहा झाला. म्हणाला, चालून दाखव. मी मागच्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तो माझ्या पायाकडे बघतच नव्हता, फरशीकडे बघत होता. मग तो गुडघ्यांवर बसला. किती सहज बसला! पेराने एकेक फरशी वाजवत भिंतीपर्यंत गेला.

"इथून पुढे पोकळ लागतंय रे."

"काय पोकळ?"

"खाली. बद्द वाजतंय. तू वाकू शकत नाहीस म्हणून मी सांगतो. पाणसळ आणतो, फरशी सपाट आहे का लावून बघू."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या घरात माझ्या फरशीला पाणसळ लावणार तू? सहा इंच काँक्रीट आहे खाली. कालवलं कुणी? तूच ना? एक तडा दाखव. एक दाखव, मग बोल."

तडा नव्हताच, दाखवणार कुठून? तो उठला. "तडा नाही, हे खरं," म्हणाला. चपला घालताना हिच्याशी काहीतरी हळू बोलला. मी विचारलं काय म्हणाला, तर ही म्हणाली, तब्येतीला जपा म्हणाला.

त्याच्यावर एवढं चिडायचं कारण नव्हतं. पण गुडघा गेला, काम गेलं, आता कुणी येऊन म्हणणार की केलेलं कामही गेलं? ते मी ऐकून घेणार नाही.

२९ मार्च

आता मी पट्टीने मोजतो. भिंतीला एक हात टेकून उभा राहतो, डावं पाऊल घट्ट, आणि ही बाजारात गेली की पट्टी काठीला बांधून उजव्या टाचेखालची फट मोजतो. खिडकीकडे तोंड केलं की टाचेखाली आणखी दोन सूत मोकळे. दाराकडे तोंड केलं की पाय दोन सूत लांब. महिन्यापूर्वी अंदाजाने एक होतं.

टक् आता रोज होतं. कधी दोनदा. काल मी खुर्चीत नुसता बसलो होतो, टाच जमिनीवर, ही बाहेर गेलेली, घरात कुणी नाही, आणि पायात कुणीतरी चालत असल्याचं जाणवलं. खूप खाली. थांबत थांबत. टाच उचलली की बंद, टेकली की पुन्हा सुरू. मी अर्धा तास टाच हवेत धरून बसलो. शेवटी मांडी थरथरायला लागली आणि पाय आपोआप खाली आला.

हे डॉक्टरांना सांगितलं तर ते पाय उघडतील. उघडला की काहीतरी सापडेलच, आणि मग मांडीतून काढतील. म्हणून पुढच्या पानावर लिहिलं: ताप नाही, जखम कोरडी, दुखणं एक. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

५ एप्रिल

मागच्या खोलीत हिने गेल्या वर्षीचं कॅलेंडर लावलंय, तेही आतल्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या उंचीला. म्हटलं, "एवढं खाली कुणासाठी? मांजरासाठी?" म्हणाली, "चित्र छान आहे." कॅलेंडरवर ट्रॅक्टरचं चित्र आहे.

ती थकलेली दिसते. डोळ्यांखाली काळं झालंय. म्हटलं, पंपाच्या आवाजाने झोप होत नसेल, पुढच्या खोलीत खाली अंथरूण टाक. तर म्हणाली, "नको, तिथेच बरं पडतं मला." लेकीचा फोन आला होता, तिच्याशी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ दबक्या आवाजात बोलत होती. डॉक्टर पायाचं काय म्हणाले होते ते हिला कळलं की काय? विचारायचं धाडस झालं नाही.

१० एप्रिल

तीन सूत.

पायाला आता मी माझा पाय म्हणत नाही. तो एक भाडेकरू आहे, दार लावून आत काहीतरी करतोय. चौदा तारखेला एक्स-रे आहे. त्यात सगळं दिसेल. चार रात्री झोपलो नाही.

१४ एप्रिल

मी पुढच्या पानांवर लिहायला हवं, पण आता कोणतं पान पुढचं नि कोणतं मागचं, ते राहू दे.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावला आणि मला जवळ बोलावलं. ह्या माणसाला मी दोन वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितलं. दोन हाडांच्या मधली काळी रेघ गेलीय. एकच हाड, वरपासून खालपर्यंत. सळई जिथे होती तिथे. रक्तात दोष नाही.

मी विचारलं, "थोडं कमी-जास्त होत असेल का? सूतभर?"

"मिस्त्री, आता तुमच्या घरातलं सगळं हलेल, पण हा पाय हलायचा नाही."

मी त्यांचा हात धरून रडलो. ही पण रडली. येताना गाडीत मी आठ महिन्यांनी गाणं गुणगुणलो. ते मला येत नाही असं ही म्हणाली.

संध्याकाळी चार वाजता आनंदाने मागच्या खोलीत गेलो. म्हटलं, आता बघू कसा खेळ करतोस. अकरा पावलं. आखूड. वळलो. टाच आधी टेकली.

मी तिथेच उभा राहिलो. पाय हलत नाही. फोटो मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. मग हे तीन सूत कुणाचे?

उत्तर मला माहीत होतं. बहुधा महिनाभर माहीत होतं. तरी मन म्हणत होतं, तडा नाही, तडा कुठाय?

मला गुडघ्यांवर बसता येत नाही. म्हणून पलंगाची कड धरून, पाय बाजूला फाकवून, आधी कुल्ल्यावर आणि मग पाठीवर, असा मी फरशीवर आडवा झालो. कूस बदलून कान लावला. सव्वीस वर्षांत मी ह्या फरशीला कान लावला नव्हता. खाली पंपाची घरघर होती, आणि तिच्याखाली पाणी झिरपल्यासारखं, माती सुटून पडल्यासारखं काहीतरी. मोठ्या रिकाम्या जागेत पडावं तसं. तेवढ्यात माझ्या गालाखाली टक् झालं.

डोळे उघडले तर समोर पलंगाखालचं दिसत होतं. दोन वर्षांत मी पलंगाखाली बघितलंच नव्हतं, वाकणार कसा? भिंतीकडच्या दोन्ही पायांखाली फरशीचे तुकडे होते. माझेच, माळ्यावर ठेवलेल्या डब्यातले. एकावर एक, तीन-तीन. कडा जुळवून, अगदी नीट रचलेले.

ही दारात आली. मला आडवा बघून किंचाळली, "अहो, पडलात का?"

"हे तुकडे कुणी ठेवले?"

ती मला उठवायला वाकली. मग म्हणाली, "भिंतीकडे घसरायला व्हायचं. एक घातला की काही दिवस बरं जायचं. मग पुन्हा दोन-चार दिवस घसरायचं, मग दुसरा घालायचा."

"आणि कॅलेंडरामागे?"

"चीर आहे. हात जातो आत." आणि लगेच म्हणाली, "घर आहे, म्हातारं होतं. बसतं जरा. आधी उठा तुम्ही, चहा टाकते."

मला आपला आपण उठता येत नव्हतं. तिने काखेत हात घालून ओढलं. आम्ही दोघं आमच्या सगळ्या वजनानिशी त्या भिंतीशी उभे होतो आणि मला एवढी भीती वाटली, जेवढी पाय कापण्याचीही वाटली नव्हती. म्हटलं, "चहा नको. चपला घाल. काही घेऊ नकोस, नुसती चल."

ती म्हणाली, "गॅस तरी बघू दे." मी तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्यावर हात असा कधी टाकला नव्हता. लेकीकडे आलोय. इथून लंबूला फोन केला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "बाहेर पडलात का? वहिनी कुठायत?"

१९ एप्रिल

लंबूने नगरपालिकेतून माणूस नेला, त्याने घराला दोरी बांधून पाटी लावली. पंप बंद केले. पण त्याने आता फार फरक पडणार नाही, असं तो नगरपालिकेचा माणूस म्हणाला होता.

आज दुपारी पावणेतीनला मागची खोली खड्ड्यात गेली. आत कुणी नव्हतं. बघणारे म्हणतात, मोठा आवाज झालाच नाही. सिमेंटचं पोतं हळूच खाली ठेवावं तेवढाच.

ह्या वेळी ही रोज पलंगावर पडलेली असायची.

२१ एप्रिल

जाऊन बघून आलो. लंबूने धरून खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला नेलं. भिंत विटाविटांनी सुटून गेलीय, छप्पर मोडून पलीकडे पडलंय. पण फरशी अख्खी उतरलीय, एका कुशीवर, ताटलीसारखी. वर हिचा पलंग, त्यावर चादर, एक सुरकुती नाही.

लंबू हळूच म्हणाला, "काय माल कालवला होता रे आपण." मला एक क्षण अभिमान वाटला. लाज वाटते पण वाटला, म्हणून लिहितो. ही फरशी जरा वाईट बसवली असती तर तिला फेब्रुवारीतच तडा गेला असता आणि आम्हाला कळलं असतं. माझ्या चांगल्या कामाने दीड महिना सगळं झाकून ठेवलं.

परत येताना हिला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"लंबूभाऊजींना तुम्ही काय बोललात ते ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "गुडघा गेला, काम गेलं. तेवढी एक फरशी उरली होती तुमची. ती कशी काढून घेऊ? आणि तुम्ही मला कुठे सांगितलंत, पाय कापायचं म्हणाले होते ते? नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला."

मी पाय वाचवायला गप्प, ती माझा मान वाचवायला गप्प, आणि मधल्या मध्ये ती त्या भिंतीशी झोपत होती.

दुपारी जेवण झाल्यावर ती लेकीच्या पलंगावर लवंडली आणि लगेच झोपली. मी खुर्चीत बसून हे लिहितोय. लेकीची फरशी सपाट आहे, मी दुसऱ्या दिवशीच लंबूकडून पाणसळ लावून घेतली. पलंगही सपाट आहे. पण ही भिंतीपासून दूरच्या कडेला सरकून, अंग चोरून निजलीय आणि दोन्ही हातांनी पलंगाची कड धरलीय. झोपेतही धरलीय. बोटं पांढरी पडलीत. मी हात सोडवायला गेलो तर तिने आणखी घट्ट धरलं.